सत्रातील ताण आणि विद्यार्थ्यांचा अध्ययन-सहभाग

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) नांदेड व लातूर परिसरातील अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत. पहिल्या सत्राच्या आरंभी त्यांच्यावरील ताण सामान्यतः कमी असतो. सत्राच्या उत्तरार्धात मात्र चाचण्या, स्वाध्याय व सेमिनार एकत्र येतात आणि त्याच सुमारास सोयाबीनची काढणीही सुरू होते. यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, कठीण कार्य शिकताना मध्यम उद्दीपन उपकारक ठरते, अतितीव्र उद्दीपन बाधक. म्हणून ऑक्टोबरमधील अनुपस्थितीस अनास्था समजून अंतर्गत गुण कमी करणे उचित नव्हे. मूल्यमापन सत्रभर विभागल्यास ताण आटोक्यात राहून सहभाग टिकण्यास साहाय्य होईल.