धूम्रपान सोडलेल्या व्यक्ती आणि स्कूबा डायव्हिंग

विडी किंवा सिगारेटचे व्यसन सोडलेल्या व्यक्तीस स्कूबा डायव्हिंग सर्वस्वी वर्ज्य नाही. मात्र धुरामुळे फुफ्फुसांत झालेला कायमचा बिघाड शिल्लक आहे की नाही, याची तपासणी पाण्यात उतरण्यापूर्वी होणे आवश्यक असते. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः मालवण–तारकर्ली किनाऱ्यावर उद्भवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना प्रशिक्षकासोबत समुद्रतळ दाखवला जातो आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही तारकर्लीस आहे.

मुंबईच्या करी रोड, लालबाग, परळ या गिरणगावातील अनेक कुटुंबांची मूळ गावे याच पट्ट्यात आहेत. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांत पूर्वी गिरणीत काम केलेले वडीलधारेही असतात. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांतील कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा श्वसनविकार होतो आणि धूम्रपानाची जोड मिळाल्यास तो अधिक बळावतो. अशा व्यक्तीच्या बाबतीत केवळ विडी कधी सुटली एवढे विचारून भागत नाही.

दाब आणि फुफ्फुसे

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. बॉइलच्या नियमानुसार १० मीटरवर फुफ्फुसांत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना मात्र ती एक तृतीयांशानेच वाढते. सर्वांत मोठा बदल शेवटच्या काही मीटरांत होतो. त्यामुळे ‘थोडेच खोल जायचे आहे’ हा दिलासा फसवा आहे. पूर्ण श्वास रोखून वर आल्यास निरोगी फुफ्फुसालाही सव्वा मीटरच्या अंतरात इजा होऊ शकते. वर येताना श्वास चालू ठेवावा, हा या क्रीडेतील पहिला नियम त्यामुळेच आहे.

दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांपैकी काहींना एम्फिसीमा झालेला असतो. वायुकोशांच्या भिंती विरून मोठे पोकळ फुगे तयार होतात आणि त्यांतील हवा सहज बाहेर पडत नाही. अशी व्यक्ती नियमाप्रमाणे श्वास सोडत वर आली तरी अडकलेली हवा प्रसरण पावून फुफ्फुस फाडू शकते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचल्यास बेशुद्धी किंवा पक्षाघात होतो. ही लक्षणे बहुधा वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत दिसतात.

व्यसन सोडल्यानंतरचे बदल

रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत ओसरतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसतंतू काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. या काळात खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो, आणि कफाने एखादी लहान नलिका बंद झाली तरी तिच्यामागे हवा अडकते. म्हणून व्यसन नुकतेच सोडलेल्याने खोकला थांबेपर्यंत बुडी लांबणीवर टाकणे इष्ट. फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली लंडनमधील पुरुषांच्या अभ्यासातून दाखवले, की धूम्रपान सोडल्यावर फुफ्फुसांच्या ऱ्हासाचा वेग मंदावतो, पण गमावलेली क्षमता फारशी परत येत नाही.

तपासणी

बुडीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तीस ‘सध्या’ धूम्रपान करता का, असे विचारले जाते. दहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडलेला मनुष्य येथे प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितो आणि तीस वर्षांचा धूर कागदावरून पुसला जातो. ही उणीव त्याने स्वतःच डॉक्टरांना पूर्वेतिहास सांगून भरून काढावी लागते.

श्वासाचा वेग मोजणारी स्पायरोमेट्री आणि छातीचा एक्स-रे या प्राथमिक तपासण्या होत; शंका असल्यास सीटी स्कॅन केला जातो, कारण लहान फुगे एक्स-रेमध्ये निसटतात. करी रोडच्या रहिवाशांना परळचे केईएम रुग्णालय त्यासाठी जवळचे आहे. पाण्यात शरीरातील रक्त छातीकडे सरकून हृदयावरचा भार वाढतो, त्यामुळे वयस्क व्यक्तीच्या हृदयाची तपासणीही केली जाते. एम्फिसीमा, फुगे किंवा आपोआप झालेला न्यूमोथोरॅक्स आढळल्यास सामान्यतः बुडीची परवानगी नाकारली जाते.

वर आल्यावर छातीत दुखणे, धाप, थुंकीत रक्त किंवा हातापायांत बधिरता जाणवल्यास रुग्णास आडवे झोपवून शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो आणि पुनर्दाबन कक्ष असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते. होडीवर प्राणवायूचे सिलिंडर आहे का, हे होडी सुटण्यापूर्वीच विचारता येते.