आजोबांचा कंप आणि माकडांवरील प्रयोग



मागील महिन्यात एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "सर, आजोबांचा हात सारखा थरथरतो. नव्या पेशी टोचल्या की बरे होते अशी जाहिरात पाहून पप्पा प्लॉट विकायचा म्हणतात. हे खरे आहे का?" उत्तर सर्वांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. त्यामुळे आपल्या हालचाली सुरळीत होतात. या पेशी नष्ट होत गेल्या की हात कापतो, अंग ताठरते, चाल मंदावते. हाच पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. गोळ्यांनी डोपामिनची उणीव काही अंशी भरून निघते, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग नव्या पेशी का लावू नयेत?

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचा अंमली पदार्थ टोचून घेतलेले काही तरुण एकाएकी ताठरले. त्यातील एमपीटीपी हे द्रव्य नेमक्या याच पेशी मारते, असे आढळले. ते माकडांना दिल्यावर त्यांच्यातही तशीच लक्षणे दिसली. माकडाचा मेंदू व हातांच्या हालचाली उंदरापेक्षा माणसाला जवळच्या. त्यामुळे उपचार आधी माकडांवर तपासता येऊ लागले.

जपानच्या क्योतो विद्यापीठात माणसाच्या प्रौढ पेशींपासून मूलपेशी व त्यांपासून डोपामिन पेशींची 'रोपे' तयार केली गेली. ती अशा माकडांच्या मेंदूत लावली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पेशी जगल्या, हालचाली सुधारल्या, दोन वर्षांत गाठ झाली नाही. २०१८ पासून ७ रुग्णांवर चाचणी झाली. २०२५ च्या अहवालानुसार गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. तपासलेल्या ६ पैकी ४ रुग्णांच्या हालचाली सुधारल्या. आशा मोठी आहे, पण ७ ही संख्या लहान आहे.

म्हणून पालकांना विनंती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशी मान्य चाचणीबाहेर कोणालाही देता येत नाहीत. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी लाखो रुपये मागितले, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि मुलांनो, आजोबांना शर्टाचे बटण लावायला वेळ लागला, तर घाई करू नका. जवळ बसा.

आपले,
मुख्याध्यापक