भंगारातून बनलेला 'ट्रोल' इतका व्हायरल झाला, की शहराला तो हटवावा लागला!

सोशल मीडियावर 'ट्रोल' म्हटलं की कमेंटमध्ये येऊन उगाच डोकं खाणारे लोक आठवतात. पण डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनच्या लोककथांमधला ट्रोल वेगळा. तो डोंगरात नाहीतर दाट जंगलात राहतो, अंगाने अवाढव्य असतो आणि कित्येक कथांमध्ये ऊन पडलं की त्याचा दगड होतो. झाडाला टेकून बसलेले, मोठ्या नाकाचे लाकडी राक्षस तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिले असतील, तर ते याच घराण्यातले.

ते बनवतात डेन्मार्कचे कलाकार थॉमस डॅम्बो. माल सगळा टाकाऊ: गोदामात सामान रचायला वापरतात ती मोडकी पॅलेट्स, जुनं कुंपण, पाडलेल्या शेडच्या फळ्या, केसांसाठी वाळक्या फांद्या. चेहरा, हात, पाय बहुतेक वेळा डेन्मार्कमध्येच तयार होतात. धड मात्र ट्रोल जिथे बसणार तिथेच उभं राहतं, तिथलंच भंगार लाकूड आणि तिथलेच स्वयंसेवक घेऊन.

2016 मध्ये डॅम्बो यांनी कोपनहेगनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत असे सहा ट्रोल लपवले. होय, लपवले! एक पुलाखाली, एक टेकडीवर, एक तळ्याकाठी हात पुढे करून उभा. लोकांनी नेहमीचा रस्ता सोडून आडवाटेला जावं, शोधत शोधत जंगल पाहावं, हा त्यामागचा हेतू. आज त्यांचे 100 हून अधिक ट्रोल जगभर आहेत.

पण लपवलेली गोष्ट इन्स्टाग्रामवर लपून राहते का? याचं उत्तर अमेरिकेतल्या ब्रेकनरिजला मिळालं. कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरांमधलं हे छोटं पर्यटन शहर. ऑगस्ट 2018 मध्ये तिथल्या कला महोत्सवासाठी डॅम्बो यांनी 'इसाक हार्टस्टोन' नावाचा सुमारे 15 फुटांचा ट्रोल एका पायवाटेवर बसवला. फोटो फिरले आणि माणसांची रीघ लागली. अडचण अशी, की ती पायवाट एका वस्तीला अगदी खेटून होती. घरांसमोर गाड्यांच्या रांगा, दिवसभर गोंगाट. रहिवासी वैतागले. दुसरीकडे, आमचा ट्रोल हलवू नका म्हणणारेही कमी नव्हते. शेवटी नगर परिषदेने तो काढायचा निर्णय घेतला आणि नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, इसाक उतरवला गेला.

यात रहिवाशांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण आपल्याच दारातून रोज शेकडो अनोळखी लोक जाऊ लागले, तर कोण गप्प बसेल? चूक लाकडाची नव्हती, लोकांच्या हौसेचीही नव्हती. जागा चुकली होती. आणि या कलेत तर जागाच अर्धं शिल्प असते. भर चौकात ठेवला तर ट्रोल म्हणजे नुसता लाकडाचा ढीग. घरांजवळ ठेवला तर शेजाऱ्यांना ताप.

2019 मध्ये डॅम्बो पुन्हा ब्रेकनरिजला आले. या वेळी इसाकसाठी शहरातल्या आइस रिंकजवळचा, झाडीतला कोपरा निवडला. तिथे जाणाऱ्या नव्या पायवाटेला नाव दिलं 'ट्रोलस्टिगेन'. नॉर्वेतल्या प्रसिद्ध घाटरस्त्याचंही हेच नाव आहे, अर्थ साधा: ट्रोलची वाट. इसाकला भेटायचं असेल तर आता गाडी लांब ठेवून तेवढी वाट पायी तुडवावी लागते.