वॉर्सा: चित्रं बघून बांधलेलं जुनं शहर

पोलंडच्या राजधानीतल्या जुन्या चौकातली घरं सतराव्या-अठराव्या शतकातली वाटतात. बांधकाम मात्र बहुतेक १९५० च्या आसपासचं! नाझी ताब्याविरुद्धच्या १९४४ च्या उठावानंतर नाझींनी शहर सुरुंग लावून, जाळून पद्धतशीर जमीनदोस्त केलं. पुनर्बांधणीत कामी आले ते वास्तुकलेच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी केलेले जुन्या इमारतींचे आराखडे. युद्धात ते एका मठात लपवले होते. शिवाय कामी आली ती चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तोची अठराव्या शतकातली शहरचित्रं. (हा पठ्ठ्या चित्रात इमारती कधीकधी मनासारख्या बदलायचा!) ढिगाऱ्यातल्या विटा, कोरीव दगड जमेल तिथे पुन्हा बसवले. काहीजण याला नकली म्हणतात. मला नाही पटत. युनेस्कोने तर १९८० मध्ये या पुनर्बांधणीसाठीच जागतिक वारशाचा मान दिला. तेव्हा तिथल्या शाही राजवाड्याच्या पुनर्बांधणीचं काम अजून चालूच होतं.