गाडी चालवणार कोण?

दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा तोंडात टाकता टाकता पाहुण्यांचा पहिला प्रश्न येतो, ''ॲव्हरेज किती देते?'' दुसरा प्रश्न, ''कितीला पडली?'' आणि तिसरा, जरा आवाज उतरवून, ''हीच का घेतली? त्यापेक्षा ती दुसरी बरी होती हो!'' ''चालवायला कशी वाटते?'' असं विचारणारा पाहुणा मात्र मला अजून भेटायचा आहे. साधी चप्पल घ्यायची तरी आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. आणि सात-आठ लाखांची मोटार, जिच्यात रोज दोन-दोन तास बसायचं, ती मात्र जाहिरात, मेव्हण्याचा सल्ला आणि रंग एवढ्यावर घेऊन टाकतो!

आमच्या घरी गाडीचा विषय निघाला तो सौ.च्या बदलीमुळे. ती शिक्षिका. संस्थेनं तिची बदली सासवडच्या शाळेत केली. घर हडपसरला, शाळा सासवडला आणि मधे दिवे घाट. जायला बावीस किलोमीटर, यायला तितकेच. एसटी वेळेवर आली तर बसायला जागा नाही आणि जागा मिळाली तर घाटात पुढे ट्रक बंद पडलेला. दोन पावसाळे असे काढल्यावर ती एका रात्री म्हणाली, ''अहो, मी राजीनामा देते. आता होत नाही.'' निवृत्तीला नऊ वर्षं बाकी होती. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. म्हणजे राजीनामा परवडणारा नव्हता आणि महागडी गाडीही परवडणारी नव्हती. कागदावर आकडा लिहिला : दारात उभी राहीपर्यंत आठ लाख. त्याच्या वर एक रुपयाही नाही.

मग घरात रीतसर समितीच बसली. मेव्हणे म्हणाले, ''घ्यायची तर उंच गाडी घ्या, रस्त्यावर मान मिळतो.'' मुलीला वरचं छत उघडणारी हवी होती. आमचे अण्णा, वय वर्षं ब्याऐंशी, यांचं मत एकच : ''फियाटसारखी गाडी पुन्हा झाली नाही.''

अण्णांची फियाट

अण्णांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्या पिढीनं कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिला गाडी म्हणजे घरातलं माणूस वाटे. स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला तो गिअर अण्णा असा काही सफाईनं टाकत, की बघत राहावं. पण त्याच गाडीच्या डिकीत पाण्याचा कॅन कायम असे, कारण खंबाटकीच्या चढावर बॉनेटमधून वाफ निघणं हे ठरलेलंच. म्हणजे मजा होती, भरवसा बेताचा होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे गणित उलटलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं चिमुकलं इंजिन, वजनाला हलकी, सकाळी किल्ली फिरवली की सुरू! घाटात एसी बंद करावा लागे, ही गोष्ट वेगळी. पण मध्यमवर्गीय बायका मोठ्या संख्येनं स्टिअरिंगवर बसल्या त्या या गाडीपासून, असं मला माझ्या आजूबाजूला पाहून वाटतं. पुढे १९९८ मध्ये पिंपरीची इंडिका आणि दक्षिणेतली सँट्रो आली, २००५ मध्ये स्विफ्ट आली. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या आरंभी थांबलं. आज निवडीला इतक्या गाड्या आहेत, की अडचण गाडी मिळण्याची राहिलेली नाही, ठरवण्याची आहे.

आम्ही तीन कसोट्या ठरवल्या. भरवसा, खिसा आणि मजा. ''मजा'' हा शब्द ऐकून मेव्हणे हसले. शाळेत जायच्या गाडीत कसली आलीय मजा? पण ज्या माणसाला रोज चव्वेचाळीस किलोमीटर चालवायचं आहे, त्याला जर स्टिअरिंगवर बसायचाच कंटाळा आला, तर महिन्याभरात गाडी झाकून ठेवली जाते आणि माणूस परत एसटीच्या थांब्यावर उभा राहतो. आमच्या बाबतीत तर राजीनामाच!

भरवसा कुणाला विचारायचा?

भरवशाची चौकशी जाहिरातीत करू नये. मी दोघांना विचारलं. एक, आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आणि दुसरा, स्टँडवरचे टॅक्सीवाले. गॅरेजवाल्यानं हात पुसत पुसत मोलाचं सांगितलं : ''काका, रस्त्यावर जी गाडी जास्त दिसते तिचा पार्ट स्वस्त असतो आणि तालुक्याच्या गावाला पण मिळतो. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षी घाई करू नका. आणि वहिनी जिथे नोकरीला जातात त्या रस्त्यावर सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघा.'' याशिवाय त्यानं क्लच प्लेट, ब्रेक पॅड, हेडलाइट आणि बंपर यांच्या किमती विचारून ठेवायला लावल्या. गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते, या चार वस्तूंची पुन्हा पुन्हा!

टर्बो इंजिनाची गाडी जोरात पळते, हे खरंच. पण तिच्यात यंत्रं जास्त आणि किंमतही जास्त. साधं बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, हा आमच्या कामाला पुरेसा मामला होता.

खिशाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला. त्याआधी उपकर धरून तो एकोणतीस टक्के आणि त्याहून वर जात असे. लहान पेट्रोल गाडी म्हणजे बाराशे सीसीपर्यंतचं इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी. तरीही शोरूमच्या फलकावरची किंमत आणि दारातली किंमत यांत बराच फरक राहतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के रस्ता कर पडतो. साडेसहा लाखांच्या गाडीला तो एकाहत्तर हजार पाचशे झाला. शिवाय विमा. त्यातला तिसऱ्या पक्षाचा विमा सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. अशी साडेसहाची गाडी दारात येईपर्यंत पावणेआठाच्या घरात जाते. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेर दोन ठिकाणी भाव काढावा, चार पैसे वाचतात.

कर्जाचंही तसंच. पाच लाख, नऊ टक्के व्याज. सात वर्षांचा हप्ता साधारण आठ हजार पंचेचाळीस आणि पाच वर्षांचा दहा हजार तीनशे ऐंशी. सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण त्यात बँकेला सुमारे त्रेपन्न हजार जास्त जातात. आम्ही पाच वर्षं धरली.

आता इंधन. महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार किलोमीटर. जाहिरातीतलं ॲव्हरेज बाजूला ठेवून, रहदारी आणि घाट धरून लिटरला सोळा किलोमीटर मोजले, तर साडेसातशे लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये धरले तर अठ्ठ्याहत्तर हजार. सीएनजीवर किलोला चोवीस किलोमीटर आणि नव्वद रुपये भाव धरला तर पंचेचाळीस हजार. वर्षाला तेहतीस हजारांची बचत! सीएनजीची गाडी नव्वद हजारांनी महाग धरली, तरी तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. हिशोबात सीएनजी जिंकली, हे मान्यच करायला हवं. पण ती आमच्या आठ लाखांच्या रेघेबाहेर जात होती. शिवाय पंपावरची रांग, घाटात थोडी कमी ओढ आणि टाकीनं खाल्लेली डिकी. डिकीचा प्रश्न टाटांनी २०२३ मध्ये दोन लहान टाक्या खाली बसवून बराच सोडवला. ज्याचं फिरणं जास्त आणि पंप वाटेवर, त्यानं सीएनजीचा विचार जरूर करावा. विजेच्या गाडीचा खर्च आणखी कमी, पण आमचं पार्किंग उघड्यावर आणि सोसायटीत चार्जिंगची सोय नाही. त्यामुळे ते पान तिथेच मिटलं.

जुन्या गाडीचाही विचार झाला. चार-पाच वर्षांची, एका हातची, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली गाडी मिळाली तर ते शहाणपणाचंच. फक्त काही गोष्टी बघाव्यात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०२१ ची आणि स्पीडोमीटरवर वीस हजार, पण टायर २०२४ चे, असं दिसलं तर प्रश्न विचारावा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर आहे का ते पाहावं. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असल्यामुळे, एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर कंपनी त्याबद्दल काय म्हणते ते पुस्तिकेत वाचावं. आमच्या मनासारखी गाडी मात्र मिळाली नाही.

किल्ली कुणाच्या हातात?

एका शोरूममध्ये गेलो. विक्रेता तरुण, टापटीप. सगळं बोलणं माझ्याशी! ''सर, पिकअप बघा. सर, स्क्रीन बघा.'' सौ. शेजारी उभी. तिला उद्देशून एकच वाक्य : ''मॅडम, तुमच्यासाठी हा लाल रंग छान दिसेल.'' टेस्ट ड्राइव्हची किल्ली त्यानं माझ्यापुढे धरली. तिनं ती मधल्यामध्ये घेतली आणि शांतपणे म्हणाली, ''गाडी मी चालवणार आहे. आणि इथल्या चौकाला वळसा नको, दिवे घाट चढून परत येऊ.''

तो बिचारा मॅनेजरला विचारून आला आणि निघालो. आधी तिनं क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली. हडपसरच्या गर्दीत ती आरामाची वाटली, डाव्या गुडघ्याला काम नाही. पण घाटातल्या वळणावर नेमकी ओढ हवी तेव्हा गाडीनं क्षणभर विचार केला आणि मग गिअर खाली घेतला. तो क्षण सौ.ला आवडला नाही. मग हातानं गिअर टाकायची गाडी घेतली. वळणाआधी दुसरा गिअर, वळण संपताना हलका ॲक्सिलरेटर आणि गाडी सरळ वर! तिच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. ती म्हणाली, ''गिअर माझ्या हातात असला की घाट माझ्या हातात असतो.'' ज्याचा सगळा प्रवास शहरातल्या गर्दीतला, त्यानं बिनक्लचचीच घ्यावी. पण ठरवायचं ते चालवून!

मजा म्हणजे वेग नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. हलकी गाडी, सांगितलं तिकडे वळणारं स्टिअरिंग, मऊ क्लच, दुसऱ्या गिअरमध्ये चढावर न कुंथणारं इंजिन आणि खिडकीतून चहूबाजूंना नीट दिसणारा रस्ता एवढं असलं, की चाळीसच्या वेगातही चालवणाऱ्याला गोडी लागते. आणि यातलं जवळजवळ सगळं लहान हॅचबॅकमध्ये मिळतं.

राहिली सुरक्षितता. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या लहान गाड्या आदळून पाहिल्या, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत त्यांना शून्य तारे मिळाले होते. तेव्हापासून बरंच बदललं. एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग आल्या आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तारे पाहूनच गाडी घ्यावी. पण मागच्या आसनाचा पट्टा लावलाच नाही तर तारे काय करणार? सायरस मिस्त्रींच्या २०२२ च्या अपघातानंतर पट्ट्याची चर्चा झाली आणि विरून गेली. आमच्या गाडीत पट्ट्याचा आवाज सगळ्यांचा आला, की मगच किल्ली फिरते. अण्णांचासुद्धा!

शेवटी घेतली ती स्विफ्ट. २०२४ मध्ये आलेल्या नव्या रूपातली, पेट्रोलवरची, हातानं गिअर टाकायची, मधल्या प्रकारातली. तीन सिलिंडरचं बाराशे सीसीचं इंजिन, सहा एअरबॅग. वरच्या प्रकारातली मोठी स्क्रीन सोडली, ते पैसे विम्यात घातले. दुसऱ्या कुणाला टियागो किंवा निऑस बरी वाटेल, आणि त्यात काही वावगं नाही. पण जो चालवणार त्याला स्टिअरिंगवर बसवून, त्याच्या रोजच्या रस्त्यावर नेऊन मगच पैसे भरा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं.

सौ.ला अण्णांनी घाटाचे तीन नियम पाठ करायला लावले. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर न्यूट्रल कधीही करायचं नाही. आणि वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ती ते पाळते. राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालेलं नाही. परवा शाळेतून आल्यावर चहा घेता घेता म्हणाली, ''घाटातून मस्तानी तलाव किती सुंदर दिसतो हो! दोन वर्षं एसटीत उभ्यानं गेले, पण मला तो कधी दिसलाच नव्हता.''