आधी जेली, मग भट्टी : धातूची सूक्ष्म घडण

आपल्या पिंपळे सौदागरहून पवना ओलांडली की पिंपरी लागते आणि थोडे पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत. तेथे एखाद्या वर्कशॉपमधला लेथ पाहा. दांड्याचा नको असलेला भाग कापला जातो, कीस खाली पडतो आणि उरतो तो जॉब. ही झाली वजाबाकीची रीत. आता बेरजेची रीत पाहू.

तीत धातूची पूड पातळ थरात पसरतात, हवी तेथेच लेसरने वितळवतात आणि त्यावर पुढचा थर देतात. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे असे घडवलेले इंजिन इस्रोने ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वीच्या १४ भागांऐवजी त्यात एकच भाग होता. कच्चा माल ५६५ किलोग्रॅमऐवजी १३.७ किलोग्रॅम पुरला.

परंतु या रीतीला मर्यादा आहे. पुडीचा कण साधारणपणे १५ ते ४५ मायक्रोमीटरचा असतो. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रोमीटर.) विटेहून पातळ भिंत विटांनी कशी बांधणार? शिवाय तांबे लेसरचा बराचसा अवरक्त प्रकाश परावर्तित करते, उष्णताही झटकन पसरवते. म्हणून ते वितळवणे अवघड.

अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत ज्युलिया ग्रीअर यांच्या गटाने २०२२ मध्ये निराळी वाट दाखवली. त्यांनी धातू छापलाच नाही! प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून त्यांनी आधी जेलीची नाजूक जाळी बनवली. गुलाबजाम पाक शोषतो, तसे या जाळीने धातूच्या क्षारांचे द्रावण शोषून घेतले. मग ती हवेत तापवली. जेली जळून गेली, धातूचे ऑक्साइड उरले. शेवटी हायड्रोजनयुक्त वायूत तापवल्यावर

कॉपर ऑक्साइड + हायड्रोजन → तांबे + पाणी

अशी क्रिया होऊन धातूची जाळी हाती आली. भाजताना जाळी बरीच आखडते. समजा, लांबी एक तृतीयांश झाली, तर आकारमान १/२७ होईल. म्हणूनच सुमारे ४० मायक्रोमीटर जाडीच्या, केसाहून बारीक काड्या मिळतात.

द्रावणात तांबे व निकेल या दोहोंचे क्षार घेतले तर? मिश्रधातू मिळतो आणि क्षारांच्या प्रमाणावरून त्याची घडण ठरते. आपले जुने अकराकोनी दोन रुपयांचे नाणेही याच दोन धातूंचे होते. २०२५ मध्ये याच गटाला ८८ टक्के निकेलचा मिश्रधातू ४१ टक्के निकेलच्या मिश्रधातूहून जवळजवळ चौपट बळकट आढळला. आत राहिलेल्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचाही या बळकटीत वाटा आहे.

मग आपल्या पट्ट्यातील लेथ बंद पडतील काय? उत्तर भौतिकशास्त्रात आहे. द्रावण आत मुरते ते विसरणाने, आणि विसरणाला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, १ मिलिमीटर जाडीला १ तास लागला. मग १० सेंटिमीटर जाडीला १०० × १०० = १०,००० तास, म्हणजे वर्षाहून अधिक! तेव्हा मोटारीचा क्रँकशाफ्ट असा घडणार नाही. ही रीत चिमुकल्या वस्तूंची.

आता तुम्ही सांगा : जाडी ३ मिलिमीटर असेल, तर किती तास लागतील?