पाचशे रुपयांतले इंटरनेट

चेन्नईतल्या कोणत्याही जुन्या 'टिफिन'च्या हॉटेलात जाऊन बसा. वेटर येतो, पाण्याचा पेला टेबलावर ठेवतो आणि एका दमात म्हणून टाकतो: इडली, वडा, पोंगल, पुरी, साधा दोसा, मसाला दोसा, रवा दोसा. फोटो नाही, रंगीत कार्ड नाही. आपण 'रवा दोसा' म्हटले की त्याचा पुढचा प्रश्न येतो, कांदा घालून की बिनकांद्याचा? एका यादीतून दुसरी यादी, आणि शेवटी पानात पदार्थ.

या शहराला इंटरनेट प्रथम भेटले तेही बरेचसे असेच, यादीच्या रूपात. तेव्हा शहराचे नाव मद्रास होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी ते नव्हते असे नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली 'अर्नेट' हे जाळे उभारायला घेतले. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि आयआयटी यांच्याबरोबर मद्रासची आयआयटीही त्यात होती. पण ते प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे जग. गिंडीच्या त्या हिरव्यागार आवाराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आता दर ऐका. चित्रांसकट इंटरनेट हवे असेल तर खात्याचे वर्षाला पंधरा हजार रुपये. त्या काळी कित्येक नोकरदारांचा दोन-तीन महिन्यांचा पगार त्यात गेला असता. पण विद्यार्थ्यांसाठी 'शेल' नावाचे खाते निघाले, ते पाचशे रुपयांत. टेलिफोनची तार तीच, मोडेमचा तो किंचाळल्यासारखा आवाजही तोच. फरक एवढाच, की पाचशेवाल्याला फक्त अक्षरे मिळत. खाते मुलाच्या नावावर आणि वापर सगळ्या घराचा, असा प्रकारही पुष्कळ घरांत झाला असणार, त्यात नवल नाही!

बाणाच्या कळा आणि एक 'एन्टर'

या खात्यावर माऊसचे काम नव्हते. पडद्यावर यादी येई. बाणाच्या कळांनी खाली-वर जायचे, हव्या त्या ओळीवर थांबायचे आणि 'एन्टर' दाबायचे.

या पद्धतीचा मूळ पुरुष म्हणजे 'गोफर'. १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅक्काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. गोफर हा बिळे करून राहणारा प्राणी, आणि मिनेसोटाच्या खेळाडूंचे ते बोधचिन्हही. गोफरच्या यादीत ओळीच्या शेवटी तिरपी रेघ असली तर आत आणखी एक यादी आहे असे समजायचे. टिंब असले तर आत लेख. प्रश्नचिन्ह असले तर शोधण्याची सोय. बस्स, एवढे व्याकरण! एका विद्यापीठाच्या यादीतून दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयात शिरावे, तिथून हवामानखात्यात. आपण एका यंत्रावरून हजारो मैलांवरच्या दुसऱ्या यंत्रावर गेलो हे कळतही नसे.

गोफरचा घात मात्र पैशाच्या विचाराने केला. १९९३ मध्ये विद्यापीठाने काही वापरासाठी शुल्क घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या 'सर्न' संस्थेने 'वर्ल्ड वाइड वेब' सगळ्यांना फुकट देऊन टाकले. लोक तिकडे वळले. त्यामुळे मद्रासच्या घरांत इंटरनेट पोचले तेव्हा गोफर उतरणीला लागलेला होता, आणि कळांचे काम 'लिंक्स'कडे आले होते. १९९२ साली कॅन्सास विद्यापीठात जन्मलेला हा ब्राउझर वेबची पाने नुसत्या अक्षरांत दाखवतो. चित्राच्या जागी चौकटी कंसात 'इमेज' एवढा एक शब्द. मद्रासच्या 'द हिंदू' दैनिकाने १९९५ मध्येच इंटरनेटवर आवृत्ती काढली होती. छायाचित्रांवाचून वाचणाऱ्याचे त्यात फारसे काय अडणार?

आणि थोडा हिशेब केला तर चित्रे नव्हती याचे वाईटही वाटत नाही. ९६०० बिट्सच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ९६० अक्षरे येतात. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, म्हणजे भरलेला पडदा, दोन सेकंदांत हजर! पन्नास हजार बाइट्सचे एक छायाचित्र यायला मात्र जवळजवळ मिनिट लागणार. घड्याळ चालू, टेलिफोनचे बिल चालू, आणि घरचा फोन तेवढा वेळ अडलेला. पंधरा हजारवाला चित्राची वाट पाहत बसे, तोवर पाचशेवाल्याची पाच-दहा पाने वाचून होत. आजचे वेबपान सहज वीस लाख बाइट्सचे असते. त्या मोडेमवर ते उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला असता.

'काल आली' की 'कळ आली'?

खरी अडचण चित्रांची नव्हती, लिपीची होती.

परदेशी फोन करणे तेव्हा भलतेच महाग. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाशी बोलायचे म्हणजे मिनिटे मोजायची. तिथे ई-मेल हे वरदानच! 'पाइन' नावाचा, पुन्हा यादीचाच, कार्यक्रम उघडायचा. 'सी' दाबून पत्र लिहायचे, कंट्रोल आणि 'एक्स' दाबून पाठवायचे. पण त्या पडद्याला ना तमिळ ठाऊक, ना मराठी. नोकरीनिमित्त मद्रासला राहणाऱ्या आईने मुलाला लिहायचे ते रोमन अक्षरांत. आता 'के-ए-एल' आणि पुढे 'ए-एल-आय' हे कसे वाचायचे? 'काल आली' की 'कळ आली'? पाहुणी आली असेल तर ठीक, पण आईच्या पोटात कळ आली असेल तर?

बोस्टनच्या मुलाने उलट टपाली विचारावे आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे, अशी ही गत. यावर अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' ही पद्धत काढली होती. तिच्यात 'ल'साठी लहान 'एल' आणि 'ळ'साठी मोठा. इंटरनेटवरच्या मराठी मंडळींना ती परिचयाची झाली, पण घरच्या पत्रात आई कशाला लहान-मोठ्या अक्षरांचा हिशेब ठेवते!

तमिळ भाषकांची अवस्था वेगळी नव्हती. एकाच्या फॉन्टमधले दुसऱ्याला वाचता येत नसे. अखेर फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईतच 'तमिळनेट ९९' ही परिषद भरली आणि तिच्यातून तमिळसाठी प्रमाण कळफलक ठरला. देवनागरी आणि तमिळ या दोन्ही लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच होत्या, पण घरच्या संगणकावर त्या सहज उमटू लागल्या त्या विंडोज २००० नंतर.

शेल खात्यांचा जमाना फार टिकला नाही. १९९८ च्या अखेरीस सरकारने खाजगी कंपन्यांना परवानगी दिली. त्यांतली आघाडीची 'सत्यम ऑनलाइन' चेन्नईचीच. दर उतरले, चित्रे सर्वांना परवडू लागली आणि काळा पडदा अडगळीत गेला.

लिंक्स मात्र अजून आहे, आणि त्यात आजही सुधारणा होत असतात. दृष्टिहीन वाचकांना तो उपयोगी पडतो, कारण पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राला चित्रांचा अडथळा होत नाही. हा लेख लिहिताना मी तो मुद्दाम उघडला आणि मराठी विकिपीडियावर गेलो. क्षणात पान आले, देवनागरीतच आले! नुसती वेलांटी कुठेकुठे अक्षरापासून सुटून शेजारी जाऊन बसली होती, जोडाक्षरांचे पाय मोडले होते.

आणि एक गंमत. विदेश संचारच्या मद्रासमधल्या यंत्राचे नाव 'गिआसएमडी०१' असे होते. खातेदारांच्या ई-मेल पत्त्यात ते असायचे. त्यातले 'एमडी' म्हणजे मद्रास. १९९६ मध्ये शहराचे चेन्नई झाले, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. त्या खातेदारांच्या पत्त्यांत मात्र मद्रास तसेच राहिले.